घरच्या सायन्स ट्यूशनसाठी घेतलेला २५ स्लाइड्सचा डब्बा, सव्वा वर्ष वापरल्यावर

मागच्या एप्रिलमध्ये नागपुरात बर्डीवरच्या एका सायन्स सामानाच्या दुकानातून मी मायक्रोस्कोपच्या २५ तयार स्लाइड्सचा लाकडी डब्बा घेतला, १,७५० रुपयांना, आणि तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणींनी तरी विचारलं की घ्यायचा का आम्हीपण, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि असे डब्बे बहुतेक ठिकाणी सारखेच मिळतात, त्यामुळे नावापेक्षा आत काय असतं ते जास्त कामाचं.

मी नववी-दहावीचं सायन्स घरीच घेते, मराठी आणि सेमी मिळून अकरा पोरं-पोरी आहेत. मायक्रोस्कोप माझा जुनाच, आरशाचा, आयपीस १० चा आणि खाली १० आणि ४५ चे लेन्स, म्हणजे १०० पट आणि ४५० पट. लाइटवाला घ्या असं सगळे सांगतात पण आरशाचा असला की मे महिन्यात लाइन गेली तरी खिडकीशी ठेवून काम होते, मला तरी त्याचं कधी अडलं नाही.

निकाल आधीच सांगते. प्राण्यांच्या स्लाइड्स पैसे वसूल, डोळे झाकून घ्या (म्हणजे तपासून घ्या, ते पुढे सांगते). झाडांच्या स्लाइड्सवर मात्र दोन-तीन सोडल्या तर पैसे घालवू नका, पावसाळ्यात आपल्या नागपुरात त्या सगळ्या गोष्टी फुकट मिळतात आणि जिवंत मिळतात.

डब्ब्यात ११ स्लाइड्स शेवाळ, बुरशी, मॉस, फर्न अशा आणि १४ अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या. प्राण्यांपासून सुरू करते कारण खरा माल तिथेच आहे.

दहावीच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणात देहगुहेची, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडं यांच्यामधल्या पोकळीची, ती आकृती असते ना, तीन गोल, एकात भरीव, एकात फसवी पोकळी, एकात खरी पोकळी, ती दरवर्षी मी फळ्यावर काढायची आणि पोरं पाठ करायची, समजायचं कोणालाच नाही. या डब्ब्यात प्लॅनेरिया (चपटा कृमी), ॲस्कॅरिस (पोटातला गोल जंत) आणि गांडूळ या तिघांचे आडवे छेद आहेत. ते तीन मी एका दुपारी ओळीने लावले, एकामागून एक. प्लॅनेरियात चामडीपासून आतड्यापर्यंत सगळं ठासून भरलेलं, मोकळी जागाच नाही. ॲस्कॅरिसमध्ये पोकळी दिसते, त्यात मादी असल्यामुळे अंडाशयाच्या नळीचे कितीतरी गोल गोल तुकडे तरंगल्यासारखे दिसतात (नळी इतकी वळलेली असते की एकाच कापात ती अनेकदा कापली जाते), पण आतड्याला स्वतःचे स्नायू नाहीत, नुसती एका थराची भिंत, पोकळीला आतून अस्तर नाही, म्हणून ती फसवी. आणि गांडुळात बाहेरच्या भिंतीला स्नायूंचे दोन थर, आधी गोल मग लांबीचे, मग पोकळी, तिला दोन्ही बाजूंनी अस्तर, मग आतडं आणि त्यालाही स्वतःचे स्नायू. गांडुळाच्या आतड्यात वरून एक घडी आत लोंबते ती पण स्पष्ट दिसली, ती असते अन्न शोषायची जागा वाढावी म्हणून. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे ह्याचं आतडं स्वतःच्या मनाने हलू शकते आणि शरीर वेगळं हलू शकते." बस, एवढंच तर शिकवायचं होतं, पोकळी कशासाठी असते ते तिने एका वाक्यात सांगितलं. या तीन स्लाइड्ससाठीच मी पूर्ण डब्ब्याचे पैसे दिले असते.

स्पंजाच्या दोन आहेत, सायकॉन या स्पंजाचा छेद आणि नुसत्या कंटिका, म्हणजे त्याच्या सांगाड्यातल्या बारीक सुया. कंटिकांची स्लाइड साधी वाटते पण पोरांना सगळ्यात जास्त आवडली, तीन टोकांच्या काचेच्या काड्या विखुरल्यासारख्या दिसतात (सायकॉनच्या कंटिका काचेच्या नसतात, चुन्याच्या असतात, कॅल्शियम कार्बोनेट). छेदात त्या कॉलरवाल्या पेशी ४५० पटीवर सुद्धा नीट कळत नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका, पण भिंतीतली भोकं आणि कालवे दिसतात, म्हणजे स्पंजांच्या संघाला रंध्रीय हे नाव कशावरून पडलं ते दिसतं. इथे मी पोरांना १९०७ सालचा विल्सनचा प्रयोग सांगते, त्याने जिवंत स्पंज बारीक कापडातून दाबून पार सुट्या पेशी करून टाकल्या आणि त्या पेशी पाण्यात परत एकमेकींना शोधत गोळा झाल्या आणि त्यातून नवे स्पंज तयार झाले. पुस्तकात "पेशीस्तर संघटन" असं कोरडं वाक्य आहे, त्याचा अर्थ हा. ज्याच्या पेशी सुट्या करून परत जमतात त्याला अजून अवयव काय, ऊतीसुद्धा धड नाहीत.

मग हायड्रा. अख्खा हायड्रा कळीसकट आणि त्याचा छेद. छेदात दोन थर आणि मधे एक पातळ रेघ, बाकी मधली सगळी पोकळी, दोनच थरांचा प्राणी म्हणजे काय ते यापेक्षा सोपं कुठेच दिसणार नाही. पण इथेच पहिली अडचण आली. हायड्रा गुलाबी आहे. पोट्टे विचारतात "मॅडम, हायड्रा गुलाबी काहून असते?" आणि परीक्षेत तसा रंगवून येतात. तो रंग कार्माइनचा आहे, अशा स्लाइड बनवताना प्राणी मारून, रंगवून, अल्कोहोलमधून काढून मग काचेखाली चिकटवतात, मूळचा रंग त्यात राहतच नाही. डब्ब्यावर, लेबलवर, पत्रकावर कुठेही ही गोष्ट लिहिलेली नाही आणि मला वाटते ती पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे. झाडांच्या स्लाइड्सचंही तेच, त्यातला हिरवा हा हरितद्रव्याचा नाही, वरून दिलेला रंग आहे. कित्येक वर्षं मी स्वतः शिकवताना हा मुद्दा सोडून देत होते, या डब्ब्यानंतर सोडत नाही.

खरा हायड्रा आम्हाला डिसेंबरमध्ये सापडला. फुटाळा तलावाच्या काठावरची पाणवनस्पती एका पोराच्या वडिलांनी बादलीत आणून दिली (पोरांना एकटं तलावावर पाठवू नका, हे आधी सांगते), काचेच्या बरणीत खिडकीत ठेवली, दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी पानाच्या खालच्या बाजूला फिकट तपकिरी दोऱ्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं, अर्धा-पाऊण सेंटिमीटर, खाली केसासारखे हात पसरलेले. पेन्सिल लावली की आक्रसून टिंबाएवढा गोळा. ट्रेंब्ले नावाच्या माणसाने १७४० च्या सुमारास हाच प्राणी कापून पाहिला होता, तो झाड आहे की जनावर हे ठरवायला, झाडाच्या फांदीसारखे दोन्ही तुकडे वाढले म्हणून तो चक्रावला, पण हा तर चालतो आणि शिकार खातो. म्हणजे आपण आज ज्याला साधे प्राणी म्हणतो त्यांना झाडापासून वेगळं काढणं एवढं सोपं नव्हतं. पोरांनी कापायचा हट्ट केला, मी नाही कापू दिला, एकच होता.

आता तक्रार. सायक्लॉप्स आणि डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक संधिपाद प्राणी) अशा दोन वेगवेगळ्या स्लाइड्स होत्या, लेबलं वेगळी, पण दोन्ही काचांवर डॅफ्नियाच. डॅफ्नियाला दोन झाकणांसारखं पारदर्शक कवच असते, पाठीकडे त्याच्या आत अंडी दिसतात, डोक्याशी फांद्यांसारखी मोठी स्पर्शकं ज्यांनी ते उड्या मारत पोहते. सायक्लॉप्स नाशपातीच्या बीसारखा, मागे निमुळता, कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि मादी असली तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, चुकायला जागाच नाही. दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ताई लेबल तर बरोबर आहे ना. मी म्हटलं लेबल बरोबर आहे भाऊ, काच चुकीची आहे. मालकांनी मात्र ऐकलं आणि दुसरी मागवून दिली, तीन आठवडे लागले, पैसे नाही घेतले. बदलून दिली म्हणून मी दुकानाला नावं ठेवत नाही, पण माझ्यासारखी बघणारी नसती तर अकरा पोरं डॅफ्नियालाच सायक्लॉप्स म्हणत बोर्डाला गेली असती, हे मनाला लागलं.

आणि सायक्लॉप्स ही गोष्ट आपल्याकडे अशी वरवर सोडून देण्यासारखी नाही. नवीन स्लाइड आली त्या दिवशी आई (माझ्या सासूबाई) बाजूला बसल्या होत्या, मी पोरांना सांगत होते की नारूची अळी या सायक्लॉप्सच्या पोटात वाढते, तर त्या म्हणाल्या, "नारू? आमच्या गावात पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी होतं, किती जणांच्या पायातून निघायचा, काडीला गुंडाळून गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचे." पोरं गप्प. सायक्लॉप्स असलेलं पाणी प्यायलं की अळी पोटात जाते, साधारण वर्षभराने मादी, हातभर किंवा त्याहून लांब, पायाच्या कातडीतून बाहेर यायला लागते, आग होते म्हणून माणूस पाण्यात पाय घालतो आणि ती पाण्यात हजारो अळ्या सोडते, त्या परत सायक्लॉप्स खातो. यावर लस नव्हती आणि आजही नाही. पाणी कापडातून गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप घ्या, मुख्यतः अशा उपायांनी भारताने तो संपवला, शेवटची केस १९९६ ची आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. एका संधिपाद प्राण्यात एक गोलकृमी आणि त्या दोघांच्या मधे माणूस, दोन संघांची लक्षणं त्या एका गोष्टीत येतात. आईंनी पहिल्यांदाच मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या "एवढुसा हा."

टेपवर्मच्या डोक्याची स्लाइड उत्तम, चार चोषकं आणि वर आकड्यांचं गोल कडं, स्पष्ट. याला तोंडच नाही, आतडं पण नाही, सगळं अंगावरूनच शोषतो, हे डोकं पाहून पोरं विचारतातच की मग खातो कुठून.

झुरळाच्या मुखांगाची स्लाइड घेऊ नका. ते झुरळ आपल्या घरी आहे. चिमटा आणि भिंग असलं की झालं, आणि तुकडे काचेवर मांडले की स्लाइडपेक्षा चांगलं कळतं. संधिपादांसाठी तर नागपूरच्या पावसाळ्यात डब्ब्याची गरजच नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की मैदानात लाल मखमली मिरगाचा किडा निघतो, सगळे त्याला किडाच म्हणतात, पाय मोजायला लावा, आठ. म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या नात्यातला. मग वाणी आणि गोम, वाणीला प्रत्येक कड्याखाली पायांच्या दोन जोड्या (पुढची तीन-चार कडी सोडून), गोमेला एकच जोडी, आणि गोमेला हात लावायचा नाही, तिला विष असते. कूलरच्या टाकीत डासाच्या अळ्या. त्यासाठी महानगरपालिकेची माणसं घरोघरी कूलर तपासत फिरतात, आमच्याकडे आले तेव्हा मी पाणी ओतून टाकायच्या आधी एक ग्लासभर बाजूला काढून घेतलं, अळी श्वास घ्यायला शेपटाकडची नळी वर करून पाण्याच्या पापुद्र्याला उलटी लटकते हे दाखवायला. दाखवून झालं की लगेच मातीत ओतलं.

रॅड्युला, म्हणजे गोगलगायीची दातांची पट्टी, ही स्लाइड डब्ब्यातली लपलेली चांगली गोष्ट. कानशीसारखी, ओळीने शेकडो बारीक दात. कुंडीतली पानं रात्रीतून कशी खरवडली जातात ते कळते. मृदुकायांचं शिकवताना मी पोरांना टाकळीची गोष्ट सांगते, ती नागपूरच्या पोरांना माहीत असायलाच पाहिजे. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते पण दगडांचे वेडे, त्यांनी इथल्या टाकळी भागात काळ्या दगडांच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे दगड झालेले शंख शोधले. लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी झाल्या, मग पुढचा लोट आला आणि तळं झाकलं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एवढंच नाही, गोड्या पाण्यात दगडाला-शंखाला चिकटून वाढणाऱ्या एका बारीक वसाहती प्राण्याला, ब्रायोझोआ म्हणतात त्या गटातला, १८५८ मध्ये कार्टरने हिस्लॉपिया असं नाव दिलं, याच हिस्लॉप साहेबांवरून. ब्रायोझोआ दहावीत नाही, तरी मी सांगते. आपल्या गावातल्या माणसाचं नाव प्राण्याला आहे हे ऐकून पोरांच्या चेहऱ्यावर जे येते ते पुस्तकातून येत नाही.

स्टारफिशच्या हाताचा छेद पण घ्याच. कंटकचर्मी प्राणी सगळेच्या सगळे समुद्रातले, गोड्या पाण्यात एकही नाही, आणि आपण देशाच्या मधोमध, माझ्या अकरातल्या नऊ जणांनी समुद्र पाहिलेला नाही. छेदात खालच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना नळीचे पाय दिसतात, हे पाय पाण्याच्या दाबावर चालतात, शरीरात पाण्याची नळ्यांची आख्खी व्यवस्था असते. आकार पाच हातांचा, पण पिलू असताना डावी-उजवी बाजू सारखी असते आपल्यासारखी, हे सांगितलं की या गटाला दहावीच्या यादीत पाठीचा कणा असलेल्यांच्या इतकं जवळ का ठेवलं असेल याचा विचार पोरं करायला लागतात.

आता झाडांकडे. स्पायरोगायराची तयार स्लाइड पाहिली, रंग उडालेला, हरितलवकाची नागमोडी पट्टी धूसर. त्यापेक्षा थंडीत गाईम्हशींच्या टाक्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून ते हिरवे केस काढा, हाताला रेशमासारखे बुळबुळीत लागतात, दोन धागे काचेवर, वर पाण्याचा थेंब आणि झाकणकाच. झगझगीत हिरवी स्प्रिंग प्रत्येक पेशीत, ओळीने, मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. बाजूने आयोडीनचा थेंब लावा, पट्टीवरचे दाणे काळेनिळे होतात, तिथे स्टार्च साठतो. मूळ नाही, खोड नाही, पान नाही, नळ्या नाहीत, एका ओळीत पेशी, हेच थॅलोफायटा, आणखी काय पाहिजे. दोन धागे शिडीसारखे जोडून एकातलं सगळं दुसऱ्यात जाते ती संयुग्मनाची अवस्था मात्र आम्हाला जिवंत कधी सापडली नाही, तयार स्लाइडमध्ये आहे आणि चांगली आहे, ती ठेवा. व्हॉल्वॉक्सची (गोल वसाहत करून राहणारं हिरवं शेवाळ) पण ठेवा.

भिंतीवर जे हिरवं मखमल येते त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पाय घसरला की शेवाळावरून घसरलो म्हणतो, पण त्या मखमलीचा बराच भाग मॉस असते, म्हणजे ब्रायोफायटा, वर्गीकरणात एक पायरी पुढे. आणि यासाठी तयार स्लाइड घेणं मला अगदी नको वाटते, कारण सगळ्यात सुंदर गोष्ट मे महिन्यात होते. ४५ डिग्रीत आमच्या मागच्या भिंतीवरचं मॉस करपून तपकिरी भुसा झालं होतं, हात लावला तर चुरा होईल असं. ते खरवडून काचेवर ठेवलं, पाण्याचा एक थेंब टाकला, आणि लेन्सखाली मिटलेली पानं पाहता पाहता उलगडली, हिरवी झाली. पोरं ओरडली, शेजारच्या काकू बघायला आल्या. याला मुळं नाहीत, नुसते मूलाभ, धरून ठेवायला, पाणी वर चढवायला नळ्या नाहीत, सगळ्या अंगाने पाणी पिते, म्हणून वाळते तेव्हा पूर्ण वाळते आणि भिजते तेव्हा लगेच भिजते. नर पेशीला पोहत जायला पाणी लागते म्हणूनच यांना वनस्पतींमधले उभयचर म्हणतात. हे सगळं त्या एका थेंबात आहे आणि डब्ब्यातल्या मॉस कॅप्सूलच्या स्लाइडमध्ये यातलं काहीच नाही.

फर्नचं तसंच. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या विहिरींच्या आतल्या कडेला हंसराज उगवते, नाहीतर नर्सरीतून कुंडी आणा. पानामागचे तपकिरी ठिपके पाहून लोक कीड लागली म्हणून औषध मारतात, ती कीड नाही, बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके आहेत. ते खरवडून कोरड्या काचेवर घ्या, टेबल लॅम्पची उष्णता लागू द्या आणि आयपीसमधून पहात रहा. पिशवीभोवती जाड भिंतीच्या पेशींचं एक कडं असते, ते वाळता वाळता धनुष्यासारखं मागे ताणलं जाते आणि एकदम झटक्यात परत येते, बीजाणू उडतात. एकामागून एक, लाह्या फुटतात तसं. तयार स्लाइडमध्ये हे कडं लाल रंगात निवांत पडलेलं असते. फक्त फर्नच्या प्रोथॅलसची स्लाइड विकत घ्या, बदामाच्या आकाराचं ते काही मिलिमीटरचं हिरवं पान शोधणं खरंच कठीण आणि फर्नच्या आयुष्याचा तो अर्धा भाग कोणी कधी पाहतच नाही.

बुरशीच्या दोन स्लाइड्स झाडांच्या खणात ठेवल्या आहेत, ही माझी दुसरी तक्रार. जुन्या पद्धतीत बुरशी थॅलोफायटात जायची हे खरं, पण १९६९ मध्ये व्हिटाकरने तिला वेगळी सृष्टी दिली आणि आठवीच्या पोरालाही हे माहीत असते. हरितद्रव्य नाही, पेशीभित्तिका सेल्युलोजची नाही तर कायटिनची, ज्याचं झुरळाचं आणि खेकड्याचं कवच असते तेच कायटिन. रायझोपस (पाव-पोळीवर येणारी बुरशी) बघायला जुलैत पोळीचा तुकडा ओल्या फडक्याखाली ठेवा, तीन-चार दिवस पुरतात. आणि पावसाळ्यात बाजारात सात्या येतात त्या आणा (महाग असतात, तरी वर्षातून एकदा आणा), वारुळावर येणारी ती छत्री वाळवीने आत जमिनीत पोसलेल्या बुरशीची असते, वाळवी तिची शेती करते. भाजी करायच्या आधी छत्रीखालचे पडदे पोरांना दाखवते मी.

सांभाळायचं कसं ते पण लिहिते कारण यात माझं नुकसान झालं. डब्ब्यात स्लाइड्स उभ्या खाचांमध्ये असतात. मी डब्बा कपाटाच्या वर ठेवला होता, मे महिन्यात वरच्या बाजूला भट्टीसारखं तापते, काच चिकटवायचा डिंक पुरता वाळलेला नसावा, दोन स्लाइड्सच्या झाकणकाचा घसरून खाली आल्या, त्यातली एक ओबेलिया (हायड्राच्या नात्यातला, वसाहत करून राहणारा समुद्री प्राणी), फार चांगली होती. डब्बा आडवा करून म्हणजे स्लाइड्स आडव्या-सपाट राहतील असा ठेवा, खालच्या खणात, अंधारात. जूननंतर त्यात सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर काचेवर खरोखरची बुरशी येते.

घ्यायला जाल तेव्हा पूर्ण डब्ब्याचा हट्ट करू नका, बहुतेक दुकानात सुट्या पण देतात, मला सुटी ८० रुपयाला पडली ती ओबेलियाची. प्लॅनेरिया, ॲस्कॅरिस, गांडूळ हे तीन छेद, हायड्राच्या दोन्ही, स्पंजाच्या दोन्ही, ओबेलिया, टेपवर्मचं डोकं, सायक्लॉप्स, डॅफ्निया, रॅड्युला, स्टारफिश, आणि झाडांतून संयुग्मन, व्हॉल्वॉक्स आणि प्रोथॅलस. सोळा झाल्या, साधारण तेराशेत होते. दुकानातच काच उजेडाकडे धरून पहा, बुडबुडे असतील तर बदलून घ्या, आणि शक्य असेल तर त्यांच्याच मायक्रोस्कोपखाली सायक्लॉप्सचा तो एक डोळा आणि दोन पिशव्या मोजूनच पैसे द्या. पाचपैकी साडेतीन देते, प्राण्यांच्या खणाला एकट्याला द्यायचे असते तर साडेचार दिले असते.